कोयासानला राहताय? आधी टॅटूचं विचारून घ्या

जपानमध्ये देवळात राहायचं तर कोयासान हे डोंगरावरचं बौद्ध मंदिरांचं गाव उत्तम, पण तिथल्या बहुतेक मंदिरांत गरम झऱ्याचं पाणी नसतं, साधं सामायिक स्नानगृह असतं. झरा असलेलं मंदिर म्हणजे फुकुची-इन. टॅटू असलेल्यांना स्नानगृहात घ्यायचं की नाही, याचा प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, म्हणून बुकिंगआधीच ईमेल करा: टॅटू कुठे आहे, किती मोठा आहे. 'दिसणार नाही' या भरवशावर जाऊ नका, कारण आत कपडे चालतच नाहीत. नकार आला तर कोयासानला फक्त राहा आणि डुंबायला किनोसाकी या गरम झऱ्यांच्या गावी जा. तिथली सातही सार्वजनिक स्नानगृहं टॅटू चालवून घेतात. मात्र ते गाव बरंच लांब आहे, वेगळा मुक्काम धरा.

पाण्यात उतरण्याआधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ आंघोळ करायची. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. विनोदी दिसतं, पण सगळेच ठेवतात.

मंदिरातल्या जेवणात शाकाहाऱ्यांची चंगळ! मांसमासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. सारसुद्धा समुद्री शेवाळ आणि मशरूमचं. जेवण मात्र संध्याकाळी साडेपाच-सहाला, त्यामुळे ओसाकाहून दुपारीच निघा. पहाटेची प्रार्थना चुकवू नका. आणि स्वेटर घ्याच, कोयासान सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे.