नाताळात पाहण्यासारखा जुना इंग्रजी चित्रपट कोणता?

एकच पाहायचा असेल तर फ्रँक काप्राचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' (१९४६) पाहा. मी तो गेली कित्येक वर्षं दर डिसेंबरात पाहतो. अख्ख्या गावाच्या अडीनडीला धावणारा माणूस नाताळच्या आदल्या रात्री पैशांच्या संकटात सापडून जीव द्यायला पुलावर जातो, आणि आपण जन्मलोच नसतो तर गावाचं काय झालं असतं हे त्याला दाखवलं जातं. महायुद्धात बॉम्बफेकी विमानं चालवून परतलेला जेम्स स्टुअर्ट यात नायक आहे; युद्धानंतरचा त्याचा हा पहिलाच चित्रपट. दारूच्या गुत्त्यात बसून तो पुटपुटत प्रार्थना करतो, तो प्रसंग मला दरवेळी हलवून सोडतो. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट तोट्यात गेला होता. पुढे १९७४ मध्ये कॉपीराइटचं नूतनीकरण राहून गेलं, अमेरिकेतल्या टीव्ही केंद्रांना तो मुक्तपणे दाखवता येऊ लागला आणि तिथून तो घराघरांत पोचला. रंगवलेली आवृत्तीही मिळते, पण मूळ कृष्णधवलच बघा.

मात्र सोबत लहान मुलं असतील तर याचा उत्तरार्ध त्यांना जड जाईल. त्यांच्यासाठी 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' (१९४७) लावा. त्यात सांताक्लॉज खरा की खोटा याचा निवाडा चक्क न्यायालयात होतो, आणि सांता झालेल्या एडमंड ग्वेनला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं होतं.