हायपरस्पेक्ट्रल शिकायचंय, मग हातोडा सोडू नकोस

तू लिहिलं आहेस की बीएस्सी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि पुढे हायपरस्पेक्ट्रल रिमोट सेन्सिंग करायचं आहे. पण एका सीनियरचा सल्ला आहे की आता उपग्रहच खनिजं शोधतात, फील्डवर वेळ घालवू नकोस, कोडिंग शीक. कोडिंग जरूर शीक. फील्ड सोडण्याबद्दल मात्र मला हा सल्ला अजिबात पटत नाही.

उपग्रहावरचा किंवा विमानातला हायपरस्पेक्ट्रल सेन्सर जमिनीवरून परतणाऱ्या प्रकाशाचे शेकडो अरुंद, सलग पट्टे मोजतो, म्हणून प्रत्येक पिक्सेलचा जवळजवळ अखंड वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश परतला याचा आलेख, मिळतो. केओलिनाइट आणि मस्कोव्हाइट ही खनिजं 2200 नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास प्रकाश शोषतात, कॅल्साइट 2340 च्या जवळ. तांब्या-सोन्याच्या अनेक साठ्यांभोवती गरम द्रवांनी खडक बदललेला असतो. त्या बदलातून तयार झालेली खनिजं अशी ओळखता येतात. सोनं स्वतः दिसत नाही. क्वार्ट्झचीही या पट्ट्यांत ठळक खूण नसते.

खरी अडचण पुढे आहे. केओलिनाइट गरम द्रवांमुळे बनतं, तसंच फेल्डस्पार या खनिजाच्या साध्या झिजेतूनही बनतं. नकाशावर दोन्हींचा रंग एकच येऊ शकतो. त्यातला कुठला डाग खोदण्याजोगा, हे शिरा, भेगा आणि सोबतची खनिजं पाहून भूशास्त्रज्ञच ठरवतो. शिवाय सेन्सरला दिसतो तो केवळ पृष्ठभाग. वर माती किंवा दाट झाडी असली की खालचा खडक झाकलाच जातो.

म्हणून एमएस्सी भूशास्त्रातच कर, प्रबंध हायपरस्पेक्ट्रलवर घे. खनिजशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं कर. सरावासाठी अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातलं क्युप्राइट हे ठिकाण घे. या तंत्राची कसोटी तिथे वर्षानुवर्षं लागत आली आहे. नासाच्या 2022 मध्ये अवकाश स्थानकावर बसवलेल्या एमिट उपकरणाची माहिती मोफत मिळते. पायथनमध्ये ती उघड आणि यूएसजीएस या अमेरिकी भूशास्त्रीय संस्थेच्या वर्णपट संग्रहाशी ताडून बघ. वातावरणातली वाफ 1400 आणि 1900 नॅनोमीटरजवळचे पट्टे कसे खाऊन टाकते, तेही तिथेच कळेल.

नोकरीचं म्हणशील, तर खनिज शोधातली भरती धातूंच्या भावाबरोबर वरखाली होते, हे घरच्यांनाही सांगून ठेव. पण हेच कौशल्य ड्रिल कोअरच्या, म्हणजे खोदून काढलेल्या खडकाच्या दंडगोलांच्या, स्कॅनिंगला आणि खाणीच्या टाकाऊ ढिगांमधलं आम्लयुक्त पाणी शोधायलाही लागतं, त्यामुळे वाट एकच नाही.

प्रवेश घेण्याआधी विभागात एक चौकशी नक्की कर: त्यांच्याकडे खडकाचा वर्णपट जागेवरच मोजणारा फील्ड स्पेक्ट्रोमीटर आहे का, आणि विद्यार्थ्यांना तो हाताळू देतात का?