मँगनीजच्या दगडात लोखंड शोधताना

अरे, भंडाऱ्याकडच्या मँगनीजच्या दगडावर एक्सआरएफ गन (क्ष-किरण मारून दगडात कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारं हातातलं यंत्र) लावली आणि स्क्रीनवर लोखंड दिसलं म्हणून लगेच लिहून टाकू नकोस. मँगनीजचा मोठा पीक, म्हणजे ग्राफवरचा उंचवटा (के-अल्फा), 5.90 केईव्हीला (हे ऊर्जेचं एकक) येतो, पण त्याचाच छोटा पीक (के-बीटा) 6.49 ला, आणि लोखंडाचा मोठा (के-अल्फा) 6.40 ला, म्हणजे दोघं एकमेकांवर चढून बसतात. नुसता आकडा बघू नकोस, ग्राफ उघड आणि 7.06 ला लोखंडाचा दुसरा पीक आहे का ते बघ, तिथे दिसला तरच लोखंड आहे असं धर (कोबाल्टचा पीक जवळच 6.93 ला असतो, गल्लत नको, तेवढं ध्यानात ठेव).

सॅम्पलचा आळस तर अजिबात नको. वरचा काळा थर म्हणजे आतला माल नव्हे, त्यामुळे दगड फोड, वाळव, पिठासारखं दळ आणि मगच प्रेसखाली गोळी दाबून घे. फॉस्फरसचा सिग्नल 2.01 ला, इतका कमजोर की बराचसा दगडातच आणि हवेत विरतो, आणि माल घेणारे नेमका तोच विचारतात, म्हणून त्याचा आकडा लॅबमधूनच काढून घे. ऑक्सिजन गनला दिसतच नाही, तेव्हा पायरोल्युसाइट की ब्राउनाइट (दोन्ही मँगनीजची खनिजं) हे ठरवायला एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना बघणारी तपासणी) लागेल.

आणि हो, दगड हातात धरून ट्रिगर कधीच दाबायचा नाही, स्टँड वापर.