खाऱ्या हवेत ट्रॅकची गाडी : वाचकांचे प्रश्न

कोइंबतूरच्या ट्रॅकवर चार लॅप झकास गेले, पाचव्याला ब्रेकचं पेडल थेट खाली. पॅड नवे कोरे आहेत. मास्टर सिलिंडर गेला का? – एक वाचक, देवगड

गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट झालं ना? मग मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या पंपावर, पैसे घालण्याआधी ब्रेक ऑइल बदला. हे ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि देवगडात त्याला प्यायला कमी नाही. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की १५५ च्या आसपासच उकळू शकतं. त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागायच्या ऐवजी पाय खाली जातो.

पावसाळा सरल्यावर आणि ट्रॅकला निघण्याआधी ऑइल बदलाच. गेल्या वर्षीची अर्धी बाटली, बूच कितीही घट्ट असो, वापरू नका. डॉट ५.१ चालेल. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही.

ऑइल बदलून आतली हवा (एअर) काढताना चाकाजवळच्या ब्रेकवरच्या निपलला, म्हणजे ऑइल सोडायच्या छोट्या स्क्रूला, पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आत बसलेल्याने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल पाव फेरा सोडून बंद करायचा, मगच त्याने पाय उचलायचा. चहासारखं ऑइल जाऊन फिकट पिवळं येईपर्यंत हेच. ब्रेक ऑइलची वरची टाकी रिकामी होऊ दिलीत तर पहिल्यापासून सुरुवात! चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा. मास्टर सिलिंडरपासून लांबचं चाक आधी, हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. रंगावर थेंब पडला तर ताबडतोब पाणी ओता.

एकाच कॅलिपरमधला आतला पॅड संपला, बाहेरचा जवळजवळ नवा. डिस्कवरही गंज आहे. – एक वाचक, रत्नागिरी

डिस्कवरचा तांबूस थर पाच-सहा ब्रेकांत जातो. खरा गंज कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिनांवर आहे. त्या काढून साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

लांब वळणावर ऑइलचा दिवा लुकलुकतो. – एक वाचक, गुहागर

वळणात इंजिन ऑइल इंजिनच्या तळाच्या चेंबरमध्ये एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. दिवा दिसला की अॅक्सिलरेटर सोडा, लॅप पूर्ण करायच्या फंदात पडू नका. बेअरिंग जायला वेळ लागत नाही. पातळी वरच्या खुणेपर्यंत हवी, त्यावर नको. आपली अंगणं उतरती, तिथे डिपस्टिक खोटं बोलते. सपाट जागी, इंजिन बंद करून थोडं थांबून बघा. तरीही लुकलुकला तर चेंबरमध्ये आडपडदे बसवून घ्या.

उचललेली गाडी टेकवायला जॅक स्टँड नाहीत. जांभ्याचे चिरे चालतील? – एक वाचक, मालवण

अजिबात नाही. चिरा घराच्या भिंतीत भक्कम. एका टोकावर भार आला की न सांगता फुटतो. स्टँड घ्याच, अंगण मातीचं असेल तर खाली जाड फळी टाका, आणि काढलेलं चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा.