कीथ हॅरिंगपासून सुरुवात करताय? मग एवढंच बघा

बालवर्गाला चित्रकारांची ओळख करून द्यायला अमेरिकन चित्रकार हॅरिंग निवडलात, फार छान! १९८० च्या दशकात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वे स्थानकांत, जाहिरातींच्या फलकांवरच्या काळ्या कागदावर तो पांढऱ्या खडूने भराभर चित्रं काढायचा. मुलांना एवढी गोष्ट पुरे.

आधी नाचू द्या. मग ‘स्टॅच्यू’ म्हणा आणि हातपाय कुठे वाकलेत ते एकमेकांचे बघू द्या. त्यानंतर काळा कार्डपेपर, पांढरा खडू द्या आणि तीच नाचणारी माणसं हॅरिंगसारखी काढू द्या. नाक-डोळे नकोत, पण हालचाल दाखवणाऱ्या छोट्या रेघा हव्यातच, खरी गंमत तिथेच आहे.

हमखास होणाऱ्या चुका:
- छापील आकृती रंगवायला देणं.
- खोडरबर देणं. हॅरिंग कच्चं रेखाटनही न करता थेट काढायचा.
- मुलाच्या हातातला खडू घेऊन रेघ ‘सुधारणं’. हे अजिबात नको.

रंग पुढच्या तासाला. अँडी वॉरहॉल हा दुसरा अमेरिकन चित्रकार सध्या राहू द्या.