रूथची गोष्ट घरसभेत वाचताना

ख्रिस्तात प्रिय,

प्रभूच्या नावात सलाम.

खानापूर तालुक्यातल्या तुमच्या गावची गुरुवारची घरसभा (घरी भरणारी प्रार्थनासभा) यापुढे तू चालवावीस असे पाळकसाहेबांनी सांगितल्याचे तुझ्या पत्रावरून कळले, आणि सुरुवात बायबलमधल्या रूथच्या पुस्तकाने करण्याचा तुझा बेत वाचून मनापासून आनंद झाला. चार अध्याय, अवघी 85 वचने. सावकाश मोठ्याने वाचले तरी वीस मिनिटे पुरतात. तरीही ते एका बैठकीत संपवू नकोस. एका गुरुवारी एकच अध्याय घे, आणि त्या दिवशी त्याच्या पुढचे काहीही सांगू नकोस. तयारीबद्दल तू बरेच विचारले आहेस, पण माझा मुख्य आग्रह एवढाच आहे.

पहिल्या अध्यायाचेच पाहा. बेथलेहेमात दुष्काळ पडतो म्हणून अलीमलेख आपली बायको नामी आणि दोन मुले यांना घेऊन मवाब या परक्या देशात जातो. तिथे तो वारतो, मुले मवाबी मुलींशी लग्ने करतात (त्यांतली एक रूथ), आणि दहाएक वर्षांत ती मुलेही वारतात. परतलेली नामी गावच्या बायकांना म्हणते की मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले. त्यानंतर सातूचा हंगाम नुकताच सुरू झाला होता एवढे सांगून अध्याय संपतो. त्या क्षणी “पण पुढे देवाने तिच्या मांडीवर नातू दिला” असे सांगून सगळ्यांना धीर द्यावा असे तुला फार वाटेल. ते सांगू नकोस. तुमच्या त्या खोलीत नवरा गेलेली, मुलगा गेलेला असे कोणी ना कोणी बसलेले असतेच, आणि चौथा अध्याय तिच्या आयुष्यात अजून आलेला नसतो. नामीचे हे कडू बोल शास्त्राने, म्हणजे बायबलने, जसेच्या तसे ठेवले आहेत आणि त्या अध्यायात तिला कोणीही दटावत नाही, एवढे जरी त्या माउलीने आठवडाभर मनात वागवले तरी ती बैठक सार्थकी लागली असे मी समजेन.

वाचनाची पद्धत तुमच्या माणसांकडे पाहूनच ठरवावी लागेल. तुमच्याकडे आजीला अक्षरओळख नाही, मधल्या पिढीचे शास्त्र मराठी, आणि कन्नड शाळेत जाणारी मुले मराठी वाचताना अडखळतात. म्हणून अध्याय एकदा मराठीतून मोठ्या माणसाने वाचावा आणि दुसऱ्यांदा एखाद्या मुलाने कन्नड शास्त्रातून वाचावा. मग सगळ्यांनी पुस्तके मिटावीत आणि जिला वाचता येत नाही त्या आजीला, ऐकलेली गोष्ट तिच्या शब्दांत सांगायला विनवावे. तिचे काही सुटले तर इतरांनी भर घालावी, आणि कोणी नसलेले घुसडले तर पुस्तक उघडून पाहावे. या पुन्हा सांगण्याला हवा तेवढा वेळ दे. गोष्ट खरोखर ऐकली जाते ती इथेच, आणि आजवर केवळ श्रोता म्हणून कोपऱ्यात बसलेले माणूस त्यामुळे सभेच्या मध्यभागी येते.

प्रश्न असे विचार की ज्यांचे उत्तर वचनातच सापडेल. “यातून आपण काय शिकलो?” हा प्रश्न पहिल्याच दमात टाकलास तर विश्वास ठेवावा, प्रार्थना करावी, अशी पाठ झालेली उत्तरे येतील आणि गोष्ट तिथेच संपेल. त्यापेक्षा नामी “मी रिकामी आले” म्हणते तेव्हा तिच्या शेजारी कोण उभे होते, हे विचार. रूथ तिथेच होती, सासूसाठी देश सोडून आलेली, आणि तिचा उल्लेख ना नामीने केला ना त्या बायकांनी. हे कोणाच्या तरी ध्यानात येईल तेव्हा खोली थोडा वेळ गप्प होईल. ती शांतता तू भरून काढू नकोस. प्रश्न विचारणाऱ्यानेच घाईने उत्तर दिले की पुढच्या गुरुवारपासून लोक उत्तराची वाट पाहू लागतात, विचार करीत नाहीत.

दुसऱ्या अध्यायात तर तुमची मंडळी तुझ्यापेक्षा जाणती आहेत. कापणाऱ्यांच्या मागून सरवा वेचणे म्हणजे काय, हे भाताच्या सुगीत मजुरीला जाणाऱ्या बायकांना तू काय सांगणार? त्यांनाच सांगू दे. संध्याकाळी रूथने झोडून काढलेले सातू एक एफाभर भरले असे तिथे लिहिले आहे. एफा म्हणजे सुमारे 22 लिटर. घरातला पंधरा किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा मध्ये ठेव आणि असा साधारण सव्वा डबा भरेल एवढे धान्य ते होते, हे सांग. सरव्यातून एवढे निघायला दिवसभर किती वाकावे लागले असेल आणि ते ओझे घेऊन गावापर्यंत कसे चालावे लागले असेल, हे त्या बायका हिशेबासह सांगतील, आणि कोणीतरी हेही म्हणेल की सरव्यात एवढे सापडत नसते. मग सोळावे वचन वाच : शेताचा मालक बवाज याने आपल्या माणसांना पेंढ्यांतली काही कणसे मुद्दाम टाकत जायला सांगितले होते. त्याआधी नववे वचनही वाचायला विसरू नकोस, कारण आपल्या गड्यांनी तिला हात लावू नये अशी त्याने ताकीद दिली होती. परक्याच्या शेतात एकटीने राबण्याची भीती ठाऊक असलेल्या बायकांना त्या वचनाचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही.

रूथ गावात रुळली तरी पुस्तक तिला पुन्हा पुन्हा मवाबी म्हणते. किती वेळा ते मुलांना मोजायला लाव. तुमच्या सभेत बैलहोंगलकडून आलेल्या दोन सुना आहेत आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांचा उल्लेख “कानडी सून” असाच होतो, हे तूच मागे सांगितले होतेस. त्यांच्याकडे बोट दाखवून काही बोलू नकोस. मोजणी झाली की त्या स्वतः बोलतील किंवा बोलणार नाहीत, दोन्ही चालेल. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात मवाब्याने दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत येऊ नये असा नियम आहे, तोही त्या दिवशी वाचून दाखव. नियम आणि गोष्ट शेजारी शेजारी ठेवल्यावर माणसे किती गंभीरपणे विचार करतात ते तुला दिसेल. बोलणे सीमाप्रश्नावर घसरेल, कारण 1956 पासून तो आपल्या घराघरातला विषय आहे. तेव्हा कोणाची बाजू घेऊ नकोस आणि कोणाला गप्पही करू नकोस; “बवाजाच्या शेतात पुढे काय झाले?” एवढे विचारून सर्वांना वचनाकडे परत आण.

तिसरा अध्याय खळ्यावरच्या रात्रीचा आहे, रूथ बवाजाच्या पायाशी जाऊन निजते त्या. तरुण मुले हसतील म्हणून तो गाळू नकोस. सरळ आवाजात वाच, म्हणजे हसू आपोआप विरते.

दर सभेत एखादे काका असतात जे प्रश्नाच्या निमित्ताने उपदेशच सुरू करतात. त्यांचा अपमान न करता “काका, हे कोणत्या वचनात दिसते?” असे आदराने विचारावे. कोणी घरातले दुःख बोलून दाखवले तर ते त्या घराबाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांकडून कबूल करून घे. आणि पलीकडच्या वाडीची माणसे वस्तीच्या गाडीने परततात, तेव्हा प्रार्थना आटोपशीर ठेव.

चौथ्या अध्यायात रूथ आणि बवाजाच्या मुलाचा, ओबेदाचा जन्म होतो, आणि ज्या बायकांसमोर नामी रिकामी म्हणून उभी राहिली होती, त्याच गावच्या बायका आता तिला सांगतात की तुझी ही सून तुला सात मुलांहून अधिक आहे. हे वाक्य त्या दोन सुनांपैकी एकीला वाचायला दे, हवे तर कन्नडमधून. शेवटची वंशावळ कंटाळवाणी म्हणून सोडू नकोस. ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद, ही नावे मुलांना म्हणू दे आणि मग मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय, जिथे येशूची वंशावळ आहे, तो उघडून त्यात रूथचे नाव त्यांनाच शोधू दे.

पहिल्या गुरुवारी आजीने गोष्ट कशी सांगितली ते मला सविस्तर कळव.

प्रभूच्या सेवेत तुझा शुभचिंतक