आजारी पडायच्या आधी डॉक्टर गाठायला सांगा

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरमध्ये एमएस्सी करायला मँचेस्टरला चालली आहे. तिला लहानपणापासून दमा आहे, इनहेलर चालू आहे. तिकडे डॉक्टरची वेळ लवकर मिळत नाही असं ऐकते. म्हणून अँटिबायोटिकसकट वर्षभराची औषधं बांधून द्यावीत असं मनात आहे. बरोबर आहे का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, अँटिबायोटिकच्या पट्ट्या आधी बॅगेतून काढा. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यावर त्या चालत नाहीत. मला खरी भीती वेगळीच वाटते. छाती भरून आलेली असताना पोरगी घरून आणलेल्या गोळ्या घेत दोन दिवस खोलीत पडून राहील, आणि दम्यात दोन दिवस फार होतात.

वेळ मिळायला तिकडे उशीर लागतो, हे खरं आहे. पण नाव नोंदवलेलं नसेल तर अडचण दुप्पट होते. व्हिसाच्या वेळी तुम्ही आरोग्य अधिभार भरला असेल, विद्यार्थ्यांना तो वर्षाला ७७६ पाउंड आहे. म्हणजे एनएचएसचे, तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे, पैसे देऊन झालेत. आता राहायचा पत्ता मिळाला की पहिल्याच आठवड्यात, ठणठणीत असतानाच, तिनं जवळच्या जीपीकडे नाव नोंदवावं. जीपी म्हणजे तिथला फॅमिली डॉक्टर. नोंदणी फुकट असते. आपण इथे थेट छातीच्या डॉक्टरांकडे जातो तसं तिथे चालत नाही, जीपीनं पाठवावं लागतं.

निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांकडून एक कागद लिहून घ्या. त्यावर औषधाचं मूळ नाव हवं. अस्थालिन हे इनहेलरचं इथलं कंपनीचं नाव म्हटलं तर तिथे कळेलच असं नाही, सालब्युटामॉल म्हटलं की कळतं. पहिले काही आठवडे पुरतील इतके इनहेलर द्या, आणि ते हातातल्या बॅगेत. इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ठरावीक शुल्क पडतं आणि दम्याला त्यातून सूट नाही. औषधं नेहमीची असतील तर वर्षभराचं शुल्क आगाऊ भरल्याचं प्रमाणपत्र काढणं स्वस्त पडू शकतं.

दम्याच्या माणसाला तिथली खोली जपावी लागते. सोलापुरात दोरीवर टाकलेले कपडे बघता बघता वाळतात. तिथे थंडीत ते खोलीतच वाळत घालतात, खिडक्या बंद असतात, आणि कपाटामागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. ती श्वासाला वाईट. रोज थोडा वेळ खिडकी उघडायची आणि डाग दिसला की घरमालकाला लेखी कळवायचं. फोडणीच्या धुरानं अलार्म वाजतो म्हणून काही मुलं त्यावर पिशवी बांधतात. तसं कधीही करायचं नाही, हे तिला निक्षून सांगा.

शेंगाचटणी तुम्ही देणारच, जरूर द्या. पण स्वयंपाकघर चौघांत असेल तर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे डबा उघडण्याआधी विचारायचं. काहींना चमच्याला लागलेला कूटही जिवावर बेततो. तूप आणि पेढे मात्र देऊ नका, दुधाचे पदार्थ तिथे नेऊ देत नाहीत.

मेनॅकडब्ल्यूवाय ही मेंदूज्वराची लस तिनं घेतलेली नसेल तर जीपीकडे विचारायला सांगा. नव्यानं विद्यापीठात जाणाऱ्या पंचविशीच्या आतल्या मुलांना ती फुकट मिळते. तीव्र ताप, मान आखडणं, उजेड सहन न होणं, काचेचा पेला दाबूनही न जाणारे पुरळ, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. सावळ्या कातडीवर पुरळ चटकन दिसत नाही. तळहात, तळपाय, ओठांच्या आतली बाजू बघावी. पुरळ नसलं तरी बाकीच्या लक्षणांवरूनच मदत मागायची. असं काही झालं, किंवा इनहेलर घेऊनही बोलताना वाक्य पुरं होईना, तर ९९९ या तातडीच्या नंबरवर फोन करायचा. तातडीचं आहे पण जिवावरचं वाटत नाही, तर १११ या नंबरवर.

डिसेंबरात तिकडे चारच्या आत सूर्य मावळतो. ऑक्टोबर ते मार्च रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यावं, असा तिथल्या सरकारचाच सल्ला आहे. जानेवारीत, आपल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, तिला घरची आठवण फार येईल. ती नीट जेवेनाशी झाली, झोप उडाली, वर्ग चुकू लागले, तर विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे जायला सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आणि तेही घरूनच सांगितलेलं बरं.

थंडीत तिथे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात. त्या वेळी तिचा फोन आला तर तुम्ही मला फोन कराल, आणि मला इथून तिची छाती तपासता येणार नाही. म्हणून तिच्यासोबत राहणाऱ्या एका मुलीचा आणि विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा नंबर ती पोचल्यावर लगेच मागून घ्या. इनहेलर कुठे ठेवलेला असतो, हे त्या मुलीलाही माहीत असू द्या.